गाठ काढली, पण तिचा ब्लॉक कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

८ जूनला, म्हणजे अगदी मिरगाच्या तोंडावर, जागतिक ब्रेन ट्यूमर दिनानिमित्त आपल्या पेपरात पानभर मजकूर आला होता तो मी दोनदा वाचला. सर्जन लोकांच्या मुलाखती चांगल्या होत्या, नवीन मशिनची माहिती होती, सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखणं, उलट्या, फिट ही लक्षणं नीट समजावून दिली होती त्याबद्दल खरंच आभार, कारण आमच्याकडे अजूनही कुणाला फिट आली की आधी नाकाला कांदा लावतात आणि मग रिक्षा बोलावतात. पण त्या अख्ख्या पानात पॅथॉलॉजिस्ट हा शब्द एकदाही आला नाही. गाठ कुठल्या जातीची आहे, ती हळू वाढणारी की झपाट्याने, पुढं लाईट म्हणजे रेडिएशन द्यायचे की नाही, हे सगळं जो माणूस मायक्रोस्कोपला डोळा लावून ठरवतो त्याचा कुठं उल्लेखच नाही. हे मला फार लागलं. पत्र लांब होणार आहे, जागा असेल तेवढं छापा, पण पूर्ण वाचा एवढी विनंती.

मी देवगड तालुक्यातला. हायस्कूलमधे ३१ वर्षं क्लार्क होतो, आता रिटायर आहे. डॉक्टर नाही, सायन्सवालाही नाही. जे काही कळलं ते धाकट्या भावामुळे कळलं.

२००९ च्या जानेवारीत बागेत फवारणी चालू असताना त्याला पहिली फिट आली. वय ३४. आईने देवळात गाऱ्हाणं घातलं, मी पण गेलो होतो, त्यात मला काही चूक वाटत नाही, आईला दुसरं काय करता येणार होतं. दुसरी फिट आली तेव्हा कणकवलीच्या डॉक्टरांनी सिटीस्कॅन काढायला लावला, गाठ दिसली आणि आम्ही फोंडा घाट चढून वर गेलो. घाटावरच्या एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, छान झालं, आठ दिवसांनी भाऊ स्वतःच्या पायाने चालत बाहेर आला. त्यानंतर पंधरा दिवसांनी एक पानी रिपोर्ट मिळाला त्यावर डिफ्यूज ॲस्ट्रोसायटोमा, ग्रेड २, असं लिहिलं होतं, म्हणजे मेंदूत पसरणारी पण हळू वाढणारी गाठ, हे नंतर कळलं. मी तो कागद प्लास्टिकच्या फाईलमधे घातला, कपाटात ठेवला आणि दहा वर्षं त्याच्याकडे पाहिलंही नाही. भाऊ परत बागेत जायला लागला. फिटच्या गोळ्या चालू होत्या, वर्षातून एकदा एमआरआय, बस.

२०१९ मधे एमआरआयमधे परत सावली दिसली. यावेळी कोकणकन्याने मुंबई गाठली. तिथल्या डॉक्टरांनी सगळी फाईल बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, जुना ब्लॉक कुठं आहे? मला वाटलं ब्लॉक म्हणजे हार्टमधला ब्लॉक. मग त्यांनी समजावलं की दहा वर्षांपूर्वी काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो, तो आणा, त्यावर काही नवीन तपासण्या करता येतात, मूळ गाठ नेमकी कुठल्या जातीची होती ते कळलं तर आता आधी ऑपरेशन करायचं की आधी लाईट द्यायचे हे ठरवायला मदत होईल.

मी परत एसटी पकडली, परत घाट चढलो. दवाखान्यात या खिडकीवरून त्या खिडकीवर, तिथून तळघरातल्या रेकॉर्ड रूमला, तिथून एका बाहेरच्या लॅबला, कारण त्या काळात तपासणी बाहेर पाठवायचे म्हणे, आणि ती लॅब तर केव्हाच बंद झालेली. तीन आठवडे आणि चार फेऱ्या. शेवटी एका माणसाने सांगितलं की काका, एवढं जुनं आमच्याकडे नसतं, टाकून दिलं असणार. त्या माणसाशी माझं भांडण नाही, तो बिचारा नवीन होता. पण घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती जे बोलली ते अजून कानात आहे. "माझ्या झिलाच्या डोक्यातलो तुकडो तो, तेनी असोच टाकून दिल्यानी?"

मी क्लार्क माणूस. हायस्कूलच्या जनरल रजिस्टरला आम्ही कधी वाळवी लागू दिली नाही. साठ वर्षांपूर्वी शाळा सोडलेला माणूस मुंबईहून दाखल्यासाठी आला तरी अर्ध्या तासात त्याचं पान काढून द्यायचो, नाव, जन्मगाव, जन्मतारीख, सगळं. ते रजिस्टर कायमचं ठेवायचं असतं, नष्ट करता येत नाही. आणि इथं माणसाच्या मेंदूतली गाठ, तिची नोंद दहा वर्षं टिकत नाही हे मला पटेना. मुंबईत पॅथॉलॉजीच्या खिडकीवर उभा राहून मी हेच तावातावाने बोललो तेव्हा तिथल्या एका तरुण डॉक्टर ताईंनी मला आत बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, काका, तुम्ही जे म्हणताय ना त्यासाठीच एका बाईंनी आख्खा जन्म घालवला, त्यांच्याबद्दल वाचा. आणि एका कागदावर नाव लिहून दिलं. लुईस आयझेनहार्ट.

तेव्हापासून जिथं जे मिळेल ते वाचलंय, नात इंग्रजी वाचून सांगते. आपल्या वाचकांना हे माहीत असायला हवं म्हणून सांगतो.

या बाई १८९१ सालच्या, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रॅमसे गावच्या. १९१५ साली बॉस्टनला हार्वे कुशिंग यांच्याकडे नोकरीला लागल्या. कुशिंग म्हणजे ज्यांना मेंदूच्या सर्जरीचे जनक म्हणतात ते. बाई डॉक्टर म्हणून लागल्या नव्हत्या हे लक्षात घ्या, पुस्तकाचं लिखाण, मजकूर नीट करणं, नोंदी लावणं अशा कामासाठी लागल्या, म्हणजे जवळपास माझ्यासारखंच क्लार्कचं काम. कुशिंग तेव्हा ऐकण्याच्या नसेवरच्या गाठींवर पुस्तक लिहीत होते, ते १९१७ मधे आलं. ते काम करता करता बाईंना त्या गाठींचाच नाद लागला आणि त्यांनी ठरवलं की आपण डॉक्टर व्हायचं. टफ्ट्स मेडिकल स्कूलमधे गेल्या, १९२५ ला पास झाल्या आणि त्या कॉलेजमधे तोवर कुणाला मिळाले नव्हते इतके मार्क मिळवले. पुढं परत कुशिंगकडेच आल्या, पण आता त्यांच्या पॅथॉलॉजिस्ट म्हणून.

कुशिंग यांचा एक किस्सा आहे. ते अगोदर जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलला होते तेव्हा त्यांनी एका पेशंटची पिट्युटरी म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीजवळची गाठ काढून तपासायला पाठवली आणि ती तिथं हरवली. तेव्हापासून त्यांनी हट्टच धरला की माझ्या पेशंटच्या गाठी मी माझ्याच ताब्यात ठेवणार. हे वाचलं तेव्हा मी नातीला म्हटलं थांब, परत वाच. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी तिकडे पण तेच झालं होतं जे आमचं झालं. फरक एवढाच की त्यांनी त्यातून सांभाळायची पद्धत उभी केली, आणि ती पद्धत प्रत्यक्षात रोजच्या रोज चालवली ती लुईसबाईंनी.

त्यांच्याकडे एक छोटी काळी वही असायची. प्रत्येक गाठीचं ऑपरेशन झालं की त्यात नोंद. पेशंट कोण, गाठ कुठली, पेशंट वाचला की गेला. आणि गेला हे पण तितक्याच स्वच्छ लिहायचं. कुशिंग यांनी एप्रिल १९३१ मधे २००० वं ऑपरेशन केलं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण तो आकडा नुसत्या ऑपरेशनचा नाही, मायक्रोस्कोपखाली बघून खात्री झालेल्या गाठींचा आहे. खात्री कोण करायचं? हात कुशिंगचे, पण त्या खात्रीच्या मागं टेबलाच्या पलीकडच्या या बाईंचे डोळे होते. पुढच्या वर्षी त्या २००० केसेसवर पुस्तक आलं त्यात किती टक्के पेशंट ऑपरेशननंतर दगावले ते उघड दिलंय. असा हिशेब द्यायला आधी तो कुणीतरी ठेवावा लागतो.

आणि नुसती गाठ बरणीत ठेवून भागत नाही, पेशंटचं पुढं काय झालं ते पण कळायला पाहिजे. कुशिंग पेशंटना सांगायचे की दरवर्षी पत्र लिहून तब्येत कळवत जा. लोक लिहायचे पण. १९२६ साली पर्सिव्हल बेली आणि कुशिंग यांनी मेंदूच्या गाठींचं वर्गीकरण मांडलं, पेशी कशा दिसतात आणि माणूस त्यानंतर किती जगला याची सांगड घालून. मला याचं फार नवल वाटतं. तेव्हा सिटीस्कॅन नव्हता, एमआरआय नव्हता, डोक्यात काय आहे ते बाहेरून कळायला मार्ग फार थोडे, आणि तरी हे लोक काचेवरचा जांभळा गुलाबी डाग बघून सांगायला लागले की हा माणूस पाच वर्षं काढेल आणि हा नाही काढणार. ते शक्य झालं कारण गाठ, नोंद आणि पत्र या तीन गोष्टी एकाच ठिकाणी होत्या.

१९३० साली बाईंनी कुशिंगबरोबर आणखी एक पद्धत छापून दिली. ऑपरेशन चालू असताना गाठीचा ताजा कण घ्यायचा, काचेवर ठेवून दाबायचा, रंगाचा थेंब टाकायचा आणि लगेच बघायचं. मेंदूची गाठ बहुतेक वेळा मऊ असते त्यामुळे ती काचेवर छान पसरते. पेशंट टेबलावर असतानाच सर्जनला कळतं की समोर काय आहे. लंडनच्या डोरोथी रसेल बाईंनी १९३७ मधे आपल्या सहकाऱ्यांबरोबर अशीच पद्धत बसवून दिली, त्या पण मोठ्या पॅथॉलॉजिस्ट, पण त्यांच्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. मला सांगायचंय ते हे की आपल्याकडच्या हॉस्पिटलात आज स्क्वॅश म्हणून जे करतात ते याच घराण्यातलं. त्याला महागडं मशीन लागत नाही, काच, रंग, मायक्रोस्कोप आणि ओळखणारा डोळा लागतो. डोळा तयार व्हायला मात्र वर्षं लागतात.

कुशिंग रिटायर होऊन येल विद्यापीठात गेले, त्यांच्यामागं तो सगळा संग्रह गेला, बरण्या, स्लाईडी, फोटो, केस पेपर, आणि लुईसबाई पण गेल्या. १९३९ मधे कुशिंग वारले. आता सांगा, साहेब गेल्यावर साहेबांच्या कपाटाचं काय होतं ते आपण सगळ्यांनी ऑफिसात बघितलंय. बाईंनी ते होऊ दिलं नाही. ब्रेन ट्यूमर रजिस्ट्री म्हणून तो संग्रह चालता ठेवला, लांबून लांबून डॉक्टर स्लाईडी बघायला यायचे, शिकून जायचे. १९३८ मधे मेनिंजिओमा म्हणजे मेंदूच्या आवरणावरच्या गाठींवर दोघांचं मिळून जे मोठं पुस्तक आलं ते आधीच होतं. त्याच साली न्यूरोसर्जन लोकांच्या हार्वे कुशिंग सोसायटीने त्यांना अध्यक्ष केलं, सर्जन नसलेली बाई, सगळ्या सर्जन पुरुषांच्या संघटनेत. त्या खुर्चीवर पुढची बाई बसायला जवळपास ८० वर्षं गेली. आणि १९४४ ला जर्नल ऑफ न्यूरोसर्जरी सुरू झालं त्याच्या पहिल्या संपादक पण याच, १९६५ पर्यंत. संपादक साहेब, तुम्ही स्वतः संपादक आहात म्हणून हे मुद्दाम लिहिलं. ज्या बाई कुणाच्या तरी पुस्तकाचा मजकूर नीट करायला नोकरीला लागल्या त्यांनी पुढं वीस वर्षांहून जास्त काळ जगभरच्या मेंदूच्या सर्जनांचं लिखाण तपासलं.

१९६७ मधे त्या गेल्या. आणि मग जे व्हायचं तेच झालं, संग्रह अडगळीत गेला. येलच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या तळघरात त्या बरण्या धूळ खात पडल्या होत्या, रात्री पोरं मजा म्हणून बघायला उतरायची. पुढं काही लोकांनी मनावर घेतलं, बरण्या साफ केल्या, आणि २०१० मधे तिथल्या मेडिकल लायब्ररीत त्याचं छान दालन उघडलं, तिथं आज शेकडो बरण्या मांडलेल्या आहेत. फोटो तर हजारो. म्हणजे अमेरिकेत पण विसर पडतोच, पण वस्तू टाकली नव्हती म्हणून नंतर कुणाला तरी सापडली. आमच्या बाबतीत सापडायला काही शिल्लकच नव्हतं.

आता ब्लॉक म्हणजे काय ते थोडं सांगतो कारण मला इतकं वय झालं तरी माहीत नव्हतं आणि बहुतेक वाचकांना पण नसणार. गाठ काढली की ती फॉर्मालिनमधे टाकतात म्हणजे ती नासत नाही. मग अल्कोहोलमधून पाणी काढून टाकतात, झायलीनमधून नेतात, आणि वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवून थंड करतात, साबणाच्या छोट्या वडीसारखा ठोकळा होतो, तो ब्लॉक. त्यातून मायक्रोटोम नावाच्या मशीनवर ३ ते ५ मायक्रॉनची कापं काढतात, एक मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले तीन ते पाच, इतकी पातळ. ती काचेवर चिकटवून रंगवतात. यातला जांभळा रंग हिमॅटॉक्सिलिन, तो मुळात एका झाडाच्या लाकडातून काढतात हे वाचून आम्हा बागायतदार लोकांना बरं वाटलं. ब्लॉकमधून थोडीशीच कापं गेलेली असतात, बाकीचा तुकडा मेणात तसाच बंद राहतो, आणि नीट थंड कोरड्या जागी ठेवला तर वीस वर्षांनी पण त्यातून परत काप काढता येतं.

म्हणजे ब्लॉक ही अशी गोष्ट आहे की ज्या दिवशी ठेवतो त्या दिवशी तिचा पूर्ण उपयोग माहीतच नसतो. आयडीएच नावाच्या जीनमधला बदल काही मेंदूच्या गाठींमधे असतो हे सापडलं २००८ साली. भावाचं ऑपरेशन २००९ चं. तेव्हा आमच्याकडे ही तपासणी कोण करत होतं? कुणीच नाही. पुढं २०१६ ला जागतिक आरोग्य संघटनेने गाठींच्या वर्गीकरणातच हे जीन घेतले, २०२१ ला परत बदल केले. आता नुसतं ॲस्ट्रोसायटोमा म्हणून चालत नाही, आयडीएच बदललेला आहे की नाही ते लिहावं लागतं, आणि ऑलिगो, म्हणजे मेंदूच्या गाठीची दुसरी एक जात, म्हणायचं तर १पी १९क्यू नावाचे दोन तुकडे गुणसूत्रातून गळालेले असायला लागतात. आणि याने औषध बदलतं, किती वर्षांची आशा धरायची ते बदलतं. २००९ च्या गाठीला २०१९ चा प्रश्न विचारायचा असेल तर ती गाठ असायला नको का?

भावाचं दुसरं ऑपरेशन मुंबईत झालं. आयडीएच बदललेला निघाला, पण गाठ ग्रेड ४ ला, म्हणजे सगळ्यात वाईट पायरीला गेली होती. लाईट दिले, टेमोझोलोमाइड या कॅन्सरच्या गोळ्या दिल्या. २०२२ च्या श्रावणात तो गेला. मी असं म्हणत नाही की जुना ब्लॉक मिळाला असता तर तो वाचला असता, तसं म्हटलं तर खोटं होईल आणि मुंबईच्या डॉक्टरांवर पण अन्याय होईल, त्यांनी फार केलं. मी एवढंच म्हणतो की ते तीन आठवडे आम्ही उपचारात घालवायला हवे होते, ते मी घाटात घालवले.

आता आपल्या कोकणाबद्दल. आमच्याकडे डोक्यात गाठ निघाली की माणूस कुठं जातो बघा. सिंधुदुर्गातला गोव्यात बांबोळीच्या सरकारी दवाखान्याला नाहीतर घाटावर, रत्नागिरीतला मुंबईला नाहीतर घाटावर, रायगडातला सरळ मुंबईला. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण सुरू झाली तेव्हापासून तर मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलची फाईल मांडीवर घेऊन बसलेले लोक गाडीत हमखास दिसतात. म्हणजे स्कॅन एका गावात, ऑपरेशन दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या राज्यात, लाईट तिसरीकडे, आणि पुढचं आयुष्य परत आपल्या वाडीत. गाठीचे कागद चार ठिकाणी पसरलेले आणि एकत्र कुठंच नाहीत. आणि नियम काय म्हणतो? २००२ च्या डॉक्टरांच्या आचारसंहितेत ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड ३ वर्षं ठेवायचं आहे, आणि मागितलं तर ७२ तासांत द्यायचं आहे. ७२ तासांचं कलम फार चांगलं आहे, प्रत्येकाला माहीत पाहिजे. पण ३ वर्षं? जी गाठ दहा वर्षांनी उठते तिचे कागद तीन वर्षांनी रद्दीत गेले तरी चालेल असा याचा अर्थ होतो, आणि हे बदललंच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल काका, हे अमेरिकेचं, आपल्याकडे कुठं जमणार. का नाही जमणार? टाटा मेमोरियल १९४१ ला सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा उभ्या केल्या त्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी, त्यांना भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक मानतात, १९५४ ला पद्मभूषण मिळालं. जन्म त्यांचा क्वेट्ट्याचा, पण आडनाव ऐकलं की आपल्याला वेंगुर्ल्याजवळची खानोली आठवल्याशिवाय राहत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदूच्या आजारांच्या संस्थेत मेंदूंची बँक आहे, म्युझियम आहे, तिथं शाळेच्या पोरांना पण बघायला मिळतं. बार्शीला १९८७ पासून खेड्यापाड्यातल्या कॅन्सरची नोंद ठेवतायत, भारतातली ग्रामीण भागातली पहिली नोंदणी ती. बार्शी काय फार श्रीमंत शहर आहे का? तिथं माणसांना गावोगाव फिरून जर कामाला सुरुवात करता येते तर आपल्याला काय धाड भरलीय.

आता अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, तिन्ही ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेज झालेत. प्रत्येक कॉलेजात पॅथॉलॉजी डिपार्टमेंट असतंच, त्याशिवाय कॉलेजला परवानगीच मिळत नाही. माझी मागणी अशी की या तिन्ही ठिकाणी एक एक खोली कोकणातल्या पेशंटच्या ब्लॉक स्लाईडसाठी ठेवा. ऑपरेशन मुंबईला होवो की बांबोळीला, तिथली मुदत संपली की ब्लॉक रद्दीत न टाकता पेशंटच्या जिल्ह्यातल्या कॉलेजकडे पाठवायची सोय करा. आमच्या हवेत दमटपणा आहे, बुरशी आहे, मे महिन्यात पत्रा तापतो, तेव्हा मेणाचे ठोकळे ठेवायला एसी आणि कोरडी खोली लागेल हे मला समजतं. पण हापूसच्या पल्पला जर कोल्ड स्टोरेज बांधता येतं तर एक खोली थंड ठेवणं अवघड नाही. आणि त्या खोलीत एक माणूस कायमस्वरूपी नेमा, कंत्राटी नको. दर सहा महिन्यांनी माणूस बदलला की रजिस्टरचं काय होतं ते मी ३१ वर्षं बघितलंय. लुईसबाई एकाच कामाला आयुष्यभर चिकटून राहिल्या म्हणून ते काम उभं राहिलं.

तोपर्यंत वाचकांनी काय करायचं ते पण लिहितो कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. घरातल्या कुणाचीही गाठ काढली, डोक्यातली असो की छातीतली, तर बायोप्सी रिपोर्टवर बहुतेक वरच्या बाजूला एक नंबर असतो, त्यावरूनच ब्लॉक शोधतात, तो वेगळ्या वहीत लिहून ठेवा. तपासणी दवाखान्यातच झाली की बाहेरच्या लॅबला गेली ते विचारा आणि लॅबचं नाव लिहून घ्या. डिस्चार्जच्या दिवशीच विचारा की ब्लॉक किती वर्षं ठेवणार, लाजू नका. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला लेखी अर्ज दिला तर बहुतेक ठिकाणी ब्लॉक आणि स्लाईड सही घेऊन देतात, मुंबईला नेताना स्लाईड डबीत न्या, मांडीवर धरा, बॅगेत टाकून सीटखाली ढकलू नका, काच आहे ती. ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, मेण आहे ते. आणि पॅथॉलॉजिस्टना भेटायला मागा. आम्ही तीन वेगवेगळ्या सर्जनना भेटलो, पण भावाची गाठ ज्यांनी २००९ मधे बघितली त्यांचं तोंडही आम्ही पाहिलं नाही, नाव फक्त रिपोर्टखाली एका सहीत होतं आणि ती सही पण वाचता येत नाही.

आपल्याला एक विनंती. पुढच्या ८ जूनला पान काढाल तेव्हा एखाद्या पॅथॉलॉजिस्टची मुलाखत घ्या. आपल्या जिल्ह्यातल्याच घ्या. त्यांना विचारा की दिवसाला किती स्लाईडी बघता, एखादी शंका आली तर रात्री झोप लागते का, पेशंट पुढं कसा आहे ते तुम्हाला कुणी कळवतं का. मला वाटतं बहुतेक वेळा कुणीच कळवत नाही. मी मात्र मुंबईच्या त्या डॉक्टर ताईंना भाऊ गेल्यानंतर पत्र लिहिलं, पोस्टाने, कारण कुशिंगच्या पेशंटनी लिहिलेली पत्रं मनात होती. सगळं लिहिलं, शेवटचे दोन महिने कसे गेले, बोलणं कधी बंद झालं, बागेतल्या कुठल्या कलमाखाली बसायचा ते पण. त्यांचं उत्तर आलं. त्यात त्यांनी लिहिलंय की भावाचा २०१९ चा ब्लॉक त्यांच्याकडे सुरक्षित आहे, तुमचं पत्र पण आम्ही त्याच केसच्या फाईलला लावलंय. ब्लॉकचा नंबर त्यांनी परत एकदा खाली लिहून दिला होता, तो मी आईच्या पोथीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवलाय.

आपला,
एक वाचक, देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग